हुलाच्या आंटी एडिथ

हुला म्हटलं की आपल्याला सिनेमातला समुद्रकिनारा, गळ्यात फुलांचे हार आणि पर्यटकांसमोर नाचणाऱ्या मुली आठवतात. एडिथ कानाकाओले यांच्या घराण्याचा हुला वेगळाच. गुडघे वाकवून, जमिनीलगत, ढोलाच्या ठेक्यावर केलेलं जोरकस नृत्य. भरतनाट्यम शिकलेल्यांना अरमंडी आठवेल. या शैलीला आइहाआ म्हणतात आणि तिच्यातल्या कथा बहुतेक ज्वालामुखीची देवी पेले हिच्या.

एडिथ यांचा जन्म १९१३ चा, हवाई बेटावरच्या होनोमूचा. नृत्य आणि मंत्रगायन त्या आईकडून शिकल्या. ही विद्या घराघरांतच टिकली, याला कारण आहे. १८३० मध्ये ख्रिस्ती झालेल्या राणी काआहुमानूने जाहीर हुलावर बंदी आणली. राजा कालाकाउआने १८८३ मध्ये आपल्या राज्याभिषेकात तो पुन्हा सन्मानाने नाचवला. पण दहा वर्षांत राजसत्ताच उलथली आणि १८९६ च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषा गेली. घरात मराठी, शाळेत दुसरी भाषा असे वाढलेल्या आपल्याला पुढचं सांगायला नको.

हुलात आधी शब्द, मग हालचाल. हात वारा, पाऊस, लाट दाखवतात तो गाण्यातला अर्थ असतो. भाषा गेली तर उरते कवायत. सोर्स कोड हरवलेला प्रोग्रॅम चालत राहतो, पण त्यात नवं काही घालता येत नाही, तसं. एडिथ मात्र स्वतः नवी मंत्रगीतं रचत.

१९५३ मध्ये त्यांनी 'हालाउ ओ केकुही' सुरू केली. हालाउ म्हणजे हुलाची शाळा. १९७० च्या दशकात हिलोच्या कॉलेजात, मग विद्यापीठात त्यांनी भाषा, मंत्रगायन, पुराणकथा आणि वनस्पतीही शिकवल्या. नाचताना माळायची पानंफुलं ओळखणं हाही हुलाचाच भाग. सगळे त्यांना आंटी एडिथ म्हणत. तिकडे ज्येष्ठ बाईंना आदराने आंटी म्हणतात, आपल्याकडच्या मावशीसारखं.

१९७८ मध्ये हवाईयन ही राज्याची अधिकृत भाषा झाली. पुढच्याच वर्षी आंटी गेल्या. पुआलानी आणि नालानी या मुलींनी हालाउ पुढे चालवली. हिलोतल्या ज्या स्टेडियमला आंटींचं नाव आहे, तिथेच दरवर्षी मेरी मोनार्क ही हुलाची सर्वांत मानाची स्पर्धा भरते.

२०२३ मध्ये अमेरिकेने २५ सेंटच्या नाण्यावर त्यांचा चेहरा आणला. केस हवाईच्या डोंगरांत मिसळत गेलेले, आणि इंग्रजीशेजारी हवाईयन शब्द.