दुआरापासून पाऱ्यापर्यंत: ऑनलाइन शिक्षणाबद्दलचे पाच गैरसमज

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलुपं लागली आणि 7 एप्रिलला छत्तीसगड सरकारने ‘पढई तुंहर दुआर’ हे पोर्टल सुरू केलं. छत्तीसगढी नावाचा अर्थ, ‘शिक्षण तुमच्या दारी’. काही महिन्यांतच त्याच्या जोडीला ‘पढई तुंहर पारा’ आलं. पारा म्हणजे वस्ती; शहरातल्या तात्यापारा या भागामुळे रायपूरच्या मराठी माणसाच्या हा शब्द अंगवळणी पडलेला आहे. दारात आलेल्या शिक्षणाला वस्तीची सोबत का लागली, हे समजलं की ऑनलाइन शिक्षणाबद्दलचे बरेच गैरसमज गळून पडतात.

गैरसमज 1: इंटरनेट नाही, तिथे डिजिटल शिक्षण नाही.

वस्तुस्थिती: छत्तीसगडच्या गावांसाठी ‘बुलटू के बोल’ हा उपक्रम आला. बुलटू म्हणजे ब्लूटूथ. ध्वनिमुद्रित धडा एका फोनवर आला की तो इंटरनेटशिवाय दुसऱ्या फोनवर जातो. बस्तरमध्ये लाउडस्पीकरवरून धडे ऐकवले गेले. फोनची अडचण मात्र खरीच होती. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार 2018 मध्ये ग्रामीण भारतातल्या 36.5 टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. 2020 मध्ये हे प्रमाण 61.8 टक्के झालं. पण घरात एकच फोन असेल आणि तो वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर मुलाच्या हाती काय उरणार? म्हणून पाऱ्यात, मोकळ्या जागेत, शिक्षकांनी आणि गावकऱ्यांनी भरवलेले वर्ग मोलाचे ठरले.

गैरसमज 2: ऑनलाइन शिकलेलं कच्चंच राहतं.

वस्तुस्थिती: अमेरिकेच्या शिक्षण विभागाने 2010 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात वर्ग आणि ऑनलाइन यांचा मेळ घातलेलं शिक्षण नुसत्या वर्गापेक्षा थोडं सरस ठरलं. कारणही त्यातच नोंदवलेलं आहे: अशा विद्यार्थ्यांना बहुतेकदा अभ्यासाला जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळालं होतं. श्रेय पडद्याचं कमी, त्याभोवतीच्या मांडणीचं जास्त.

गैरसमज 3: ऑनलाइन पदवीला किंमत नाही.

वस्तुस्थिती: मान्यताप्राप्त विद्यापीठाची, मंजुरी असलेल्या अभ्यासक्रमाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे व्यासपीठ 9 जुलै 2017 पासून सुरू आहे. तिथे शिकणं मोफत आहे, प्रमाणपत्रासाठी मात्र परीक्षा द्यावी लागते. 2021 च्या नियमांनुसार विद्यापीठं एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून घेऊ देऊ शकतात. वैद्यक, परिचर्या, अभियांत्रिकी यांच्या पदव्या मात्र पूर्ण ऑनलाइन मिळत नाहीत. तसं आश्वासन कुणी देत असेल, तर पैसे भरण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावरची यादी तपासा.

गैरसमज 4: व्हिडिओ पाहिला की विषय झाला.

वस्तुस्थिती: 2014 च्या एका अभ्यासात लाखो वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी तपासल्या गेल्या. सहा मिनिटांहून लांब व्हिडिओंवर लक्ष टिकत नाही, असं दिसलं. शिकलेलं पक्कं होतं ते पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारल्यावर. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांत 2017-18 मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम 3 टक्के शेवटपर्यंत पोचले. प्रमाणपत्रासाठी शुल्क भरलेल्यांत हेच प्रमाण 46 टक्के होतं. ठाम इरादा असलेला माणूस टिकतो, सहज डोकावलेला निसटतो.

गैरसमज 5: पडदा आला की शिक्षकाची गरज संपते.

वस्तुस्थिती: शिक्षकांचं ‘निष्ठा’ हे सरकारी प्रशिक्षण ऑक्टोबर 2020 पासून ‘दीक्षा’ या व्यासपीठावर ऑनलाइन झालं, म्हणजे शिक्षकही पडद्यावरूनच शिकत होते. नोकरी सांभाळून, घर सोडून न जाता, रात्री मुलं झोपल्यावर धडा पाहता येणं हा लाखो लोकांसाठी मोठा आधार आहे. पण इंजेक्शन देणं, वायरिंग करणं, वर्ग सांभाळणं हे हातानेच शिकावं लागतं, आणि अडलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ ओळखायला समोर माणूस लागतो.

रायपूरच्या मराठी घरांसाठी यात एक हाक आहे. इथल्या शाळेत मुलाला मराठी मिळेलच असं नाही. पण मराठी विश्वकोशाचे 20 खंड ऑनलाइन खुले आहेत आणि बालभारतीची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. आठवडाभर मुलांनी घरी वाचावं आणि रविवारी चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळासारख्या ठिकाणी एकत्र बसून वाचलेलं बोलून दाखवावं. पुस्तक दारापर्यंत आलेलंच आहे. त्याच्याभोवती पारा आपण जमवायचा आहे.