वाघ्याचे नखरे

आमच्या कुत्र्याचं नाव वाघ्या. नाव वाघाचं, पण पोट मात्र सशाचं! २०२० च्या लॉकडाऊनमध्ये धाकट्या लेकाने मार्केट यार्डाच्या मागून हे गावठी पिल्लू उचलून आणलं. "आई, फक्त दोन दिवस ठेवू," म्हणाला. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग त्याचे नखरे सुरू झाले. सकाळी दूध-चपाती हुंगायची आणि तोंड फिरवायचं. दुपारी आमटी-भात ठेवला की दोन घास खाऊन दाराशी जाऊन बसायचं. दोन दिवस ठीक, तर तिसऱ्या दिवशी अंगणभर जुलाब. मध्येच पिवळं पाणी ओकायचा. "लाडावलाय मेला," असं आम्ही म्हणायचो आणि आणखी लाड करायचो. नाही खाल्लं तर चपातीला तूप लाव, दुधात बिस्कीट कुस्कर, काहीतरी करून पोटात जाऊ दे!

२०२२ च्या पावसाळ्यात एका रात्री तो पाठीची कमान करून कण्हायला लागला. शी पाण्यासारखी, त्यात रक्त. रात्रभर मी त्याच्याजवळ बसून होते. सकाळी रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. घरातले सगळेच बरोबर आले, अगदी सासूबाईसुद्धा.

सलाईन लावता लावता डॉक्टरांनी विचारलं, "काल दिवसभरात काय काय खाल्लं याने?"

मी म्हटलं, "दूध-चपाती, कांद्या-लसणाची आमटी आणि भात." लेक म्हणाला, "मी क्रीमची दोन बिस्किटं दिली." आमचे हे म्हणाले, "संध्याकाळी एक भजं टाकलं होतं." सासूबाई हळूच म्हणाल्या, "नैवेद्याचा शिरा दिला थोडा. तूप जरा जास्त होतं. मनुकेही होते."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "ताई, हा नखरे करत नाही. खाल्लं की दुखतं, म्हणून तो खात नाही. तोंड फिरवून तुम्हाला तेच सांगतोय."

मैत्रिणींनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेली कित्येक वर्षं मी अंगणवाडीच्या ताईंबरोबर वस्तीत फिरते. बाळाचं वजन वाढत नसलं तर आईला पहिला प्रश्न माझाच असतो, "कालपासून याने काय काय खाल्लं ते सांग बरं." आणि स्वतःच्या घरात हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता!

डॉक्टरांनी त्या दिवशी बरंच समजावलं. मोठ्या झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, त्याने जुलाब होतात. जास्त तूप-तेल गेलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि ते जिवावर बेततं. कांदा-लसूण, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक. द्राक्षं आणि मनुक्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेट तर नकोच. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या कपच्या होऊन आतडं फाटू शकतं. आपल्या डब्यातल्या क्रोसिन-ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने कधीच द्यायच्या नाहीत.

उलट्या थांबल्यावर पथ्य सुरू झालं. दोन वाट्या मऊ भाताला एक वाटी उकडलेलं चिकन, कातडी आणि हाडं काढून. मीठ, मसाला, फोडणी काही नाही. एकदम ताटभर न देता दिवसातून चार वेळा थोडं थोडं. चिकन न आणणाऱ्या घरात उकडलेलं अंडं चालतं. दोन चमचे उकडून कुस्करलेला लाल भोपळा वाघ्याला चांगला मानवला. जवळ स्वच्छ पाण्याचं भांडं कायम भरलेलं.

शी बांधून व्हायला लागल्यावर नेहमीचं जेवण हळूहळू सुरू केलं. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, असे आठ-दहा दिवस. एका दिवसात खाणं बदललं की नाजूक पोट बिघडलंच म्हणून समजा. आणि नुसता भात-चिकनही कायमचं नाही, त्यात कॅल्शियमसारखे क्षार कमी पडतात. वाघ्याला आता डॉक्टरांनी सांगितलेलं तयार खाणं आणि त्यावर थोडा भात-चिकन असं देतो. वाटी वीस मिनिटं ठेवायची, नाही खाल्लं तर मुकाट्याने उचलायची. पुढच्या वेळी बरोबर खातो. पण ही युक्ती धडधाकट, मोठ्या कुत्र्यासाठीच. लहान पिल्लाला किंवा आजाऱ्याला उपाशी ठेवू नये.

खरी परीक्षा होती ती घरातल्या माणसांची. दुधाचा हिशेब लिहितो त्या कॅलेंडरवर मी वाघ्याचंही लिहायला लागले. काय दिलं, कोणी दिलं, शी कशी झाली. आधी सगळे हसले. पण पंधरा दिवसांत दिसलं की बिस्कीट पडलं की दुसऱ्या दिवशी जुलाब ठरलेले. लेकाने आपणहून पुडा वरच्या फळीवर ठेवला.

सासूबाई मात्र दुखावल्या होत्या. चार दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. "माझ्या हातचं खाऊन त्याला झालं ना?" एवढंच म्हणाल्या. त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्याला वाढण्यात गेलेलं. तूप म्हणजे त्यांची माया, ती परत कशी करायची? शेवटी मी वाघ्याची वाटीच त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "आई, आता याला तुम्हीच वाढायचं. दुसऱ्या कोणी काही द्यायचं नाही." त्या दिवसापासून भात मोजून, कोमट करून त्याच देतात. भोपळाही तेवढाच, दोन चमचे.

मग श्रावण आला. आमच्याकडे श्रावणात चिकन शिजत नाही. मी विचारात पडले, तर सासूबाईंनीच मागच्या पडवीत जुना स्टोव्ह आणि वेगळं पातेलं मांडलं. म्हणाल्या, "श्रावण आपला, त्याचा नाही. मुक्या जिवाला कसले नियम?"

तुमच्याही दारात असा कुणी 'नखरेबाज' असेल तर आधी त्याचं कालचं खाणं आठवा. नेहमी खाणारा कुत्रा दिवसभर अन्नाला शिवला नाही, पुन्हा पुन्हा ओकला, शीत रक्त दिसलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली, हिरड्या कोरड्या-चिकट लागल्या, तर वाट न बघता दवाखाना गाठा. पिल्लू असेल तर एक रात्रही थांबू नका, पार्व्होसारखा आजार फार वेळ देत नाही. लस आणि जंताचं औषध वेळेवर द्या.

आमचा वाघ्या आता वाटी चाटून-पुसून साफ करतो. सासूबाई चष्मा लावून कॅलेंडरवर रोज एक बरोबरची खूण करतात. परवा बघितलं, तर त्या खुणेशेजारी त्यांनी लिहिलं होतं, 'आज मागून खाल्लं.'