मॉस्कोच्या मुली, पत्त्याएवढ्या कार्डावर

थळच्या बाजारात कुणालाही थांबवून विचारा, क्रिकेटमधली अकरा नावं धडाधड सांगतील. बायकांच्या हॉकीतली दोन विचारा बरं! ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी पहिल्यांदा खेळली गेली ती १९८० साली मॉस्कोला, आणि तिथे आपल्या मुली होत्या. संघ सहाच. आपण ऑस्ट्रियाला २-० आणि पोलंडला ४-० हरवलं, झिंबाब्वेशी १-१ बरोबरी केली. सोनं झिंबाब्वेनं नेलं. आपलं कांस्य एका गुणानं हुकलं. त्याच मॉस्कोत पुरुष संघानं सुवर्ण आणलं, मग चौथ्या आलेल्या मुलींची आठवण कोण ठेवणार?

त्या संघात पुण्यात जन्मलेल्या एलिझा नेल्सन होत्या. पुढे १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं, १९८३ला त्यांना पद्मश्री मिळाली. रेखा मुंडफनही मॉस्कोला होत्या. अशांची कार्डं घरी करता येतात.

पूर्वी विलायतेत सिगारेटचं पाकीट ताठ राहावं म्हणून आत छोटं कार्ड घालत, त्यावर खेळाडूंची चित्रं असत. लोक ती जमवत. सिगारेट आपल्याला नको, कार्ड घेऊ. आजचं नेहमीचं माप ६.३ बाय ८.८ सेंटीमीटर, पत्त्याएवढं. चित्र पेन्सिलीनं काढा, बाहेरची रेघ जाड ठेवा, रंग तीनच भरा. छटा फार केल्या की जुनेपणा जातो. खाली पट्टीत नाव. कागद जुना दिसायला कोऱ्या चहात बुडवतात, पण आधी चित्र छापून घ्या आणि तुकड्यावर करून बघा. साध्या प्रिंटरची शाई पाण्यानं पसरते. मला विचाराल तर फिकट पिवळा जाड कागदच आणावा.

फोटो मात्र उचलायचा नाही. आपल्याकडे छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९८०चा फोटो अजूनही त्याच्या मालकाचा. नुसता गिरवला तरी तीच गोष्ट. परवानगी घ्या. चेहरा मिळालाच नाही तर पाठमोरी, हातात स्टिक घेतलेली आकृती काढा. दुसरीचा चेहरा लावू नका, ते खोटं होतं.

मागच्या बाजूला जन्मगाव, स्पर्धा, साल आणि निकाल. खात्री नसलेला आकडा गाळा. कोपऱ्यात ‘नव्याने केलेले कार्ड’ आणि यंदाचं साल लिहा, नाहीतर उद्या कुणी जुनं म्हणून विकेल.

आपल्या गावात कबड्डी खेळलेल्या आज्या, मावश्या असतील, त्यांचीही करा. त्यांच्या अल्बममधला चिकटलेला फोटो ओढू नका, फाटतो. खिडकीशी उजेडात धरून मोबाइलवर टिपून घ्या, आणि कोण कुठे उभी आहे ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या.