सामना परदेशात, आखणी घरात

बेंगळुरूहून बोलतोय. मागच्या भागात आपण पेन्शनीच्या पैशात परदेशवारी कशी बसवायची ते पाहिलं. त्यावर बेळगावपासून इंदूर-बडोद्यापर्यंत अनेकांनी एकच विचारलं: आवडत्या फुटबॉल संघाचा सामना बघायला परदेशी जायचंय, सुरुवात कुठून करायची? काही घरांत मुलगा बापाला नेणार आहे. काही घरांत आजोबाच नातवाचं नाव पुढे करून स्वतःची हौस भागवणार आहेत. दोन्ही चालेल.

साध्या सहलीत आणि या सहलीत एक मोठा फरक आहे, तो आधी समजून घ्या. आयफेल टॉवर बघायला निघालात, तर तो जागेवरच असतो. सामन्याचं तसं नाही. त्याची तारीख बदलते, वेळ बदलते, कधी मैदानसुद्धा बदलतं. आधी लगीन कोंढाण्याचं म्हणून तुम्ही निघालात आणि कोंढाणाच जागचा हलला, तर? म्हणून माझा पहिला नियम असा: सामना दोन दिवस सरकला, व्हिसा उशिरा आला, आपला संघ हरला, तरी जी सहल मोडत नाही, तीच खरी आखणी.

सतरा दिवसांत दोहा

एक घडलेलं उदाहरण घेऊ. १९ ऑक्टोबर २०१६, बुधवार. इथल्या श्री कंठीरवा स्टेडियमवर बेंगळुरू एफसीनं मलेशियाच्या जोहोर दारुल ताझिमला ३-१ हरवलं. पहिला सामना १-१ सुटला होता. जोहोर हे आदल्या वर्षीचे विजेते. सुनील छेत्रीनं दोन गोल केले. तोही फौजीचाच मुलगा. तिसरा गोल स्पेनच्या हुआनाननं केला. एएफसी चषकाच्या अंतिम फेरीत भारतीय क्लब पोहोचण्याची ही पहिलीच वेळ होती.

अंतिम सामना होता ५ नोव्हेंबरला, कतारमधल्या दोहात. समोर इराकचा अल-कुवा अल-जविया. या नावाचा अर्थच वायुदल. सुरक्षेच्या कारणानं इराकी क्लबांना तेव्हा मायदेशी सामने भरवता येत नव्हते, म्हणून मैदान दोहाचं.

माझे जुने सुभेदार साहेब मूळचे गडहिंग्लजचे. तिकडे फुटबॉल म्हणजे काय, हे कोल्हापूरकडच्या माणसाला सांगायला नको. निवृत्तीनंतर मुलाकडे बेंगळुरूत आलेले, दिवसाला दोन वेळा इन्सुलिन, आणि आयुष्यात देशाबाहेर पाऊल पडलेलं नाही. सामना संपल्यावर स्टेडियमच्या पायऱ्यांवरच ते म्हणाले, "साहेब, दोहा बघूया का?"

हातात होते सतरा दिवस. पण फौजेत दिवस असे मोजत नाहीत. मोहिमेचा दिवस म्हणजे डी-दिन. तो कागदाच्या तळाशी लिहायचा आणि तिथून उलटं मोजत वर यायचं. आम्ही तसंच केलं. बेंगळुरूत शनिवार-रविवार बरीच कार्यालयं बंद, कतारमध्ये शुक्रवार-शनिवार. मध्ये दिवाळी: ३० ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, ३१ ला पाडवा, आणि १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी. दोन्हीकडे काम चालेल असे दिवस मोजले, तर सतरातले उरले सात!

तेव्हा भारतीयांना कतारसाठी आधी व्हिसा घ्यावा लागे. बिनव्हिसा प्रवेशाची सोय पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये आली. आम्ही पासपोर्टच्या प्रती दुसऱ्याच दिवशी दिल्या आणि एक रेघ आखली: डी वजा तीन, म्हणजे २ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत व्हिसा हातात नसेल तर मोहीम रद्द. विमानाचं तिकीट थोडं महाग, पण पैसे परत मिळणारं घेतलं. मोहीम रद्द झाली तर किती रुपये जाणार, हा आकडा सुभेदार साहेबांच्या घरी आधीच सांगून ठेवला. वहिनींनी आकडा ऐकला आणि म्हणाल्या, "एवढाच ना? मग जा." हा आकडा घरात आधी सांगणं फार महत्त्वाचं. परवानगी सामन्याला मिळत नसते, आकड्याला मिळते.

व्हिसा २ तारखेला दुपारी आला. ३ तारखेला आम्ही निघालो. पाचला बेंगळुरू एफसी १-० हरली. उत्तरार्धात हम्मादी अहमदनं गोल केला. स्टेडियममध्ये निळे झेंडे घेऊन बेंगळुरूहून आलेली पोरं होती, दोहात नोकरीला असलेले भारतीय होते. शिट्टी वाजल्यावर बराच वेळ कोणी जागचं हललं नाही. सुभेदार साहेब गप्पच होते. परतीच्या विमानात जेवण आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षीची फायनल कुठं असते?"

निकाल आपल्या हातात नसतो. सामन्याआधीचा एक मोकळा दिवस, नंतरचा एक दिवस आणि सोबतीला धड माणूस, एवढं हातात असतं. तेवढं नीट असेल, तर हरूनही सहल वाया जात नाही.

युरोपचं वेळापत्रक कसं वाचायचं

तुमच्यातल्या बहुतेकांना इंग्लंड, स्पेन किंवा जर्मनी गाठायचंय. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ. प्रत्येकाचे ३८ सामने, त्यातले १९ घरच्या मैदानावर. वेळापत्रक साधारण जूनमध्ये जाहीर होतं, मोसम ऑगस्ट ते मे. पण जूनमध्ये छापलेली तारीख पक्की समजू नका. दूरचित्रवाणीसाठी निवडलेले सामने शनिवारवरून शुक्रवार, रविवार किंवा सोमवारवर सरकतात. संघ गुरुवारी युरोपातल्या स्पर्धेत खेळला, तर त्याचा शनिवारचा सामना रविवारी जातो. चषकात तो पुढे गेला, तर लीगचा सामना आठवडेच्या आठवडे पुढे ढकलला जातो. म्हणजे आपला संघ जितका चांगला खेळेल, तितकं आपलं वेळापत्रक डळमळीत!

यावर उपाय तीन. पहिला, शनिवारचा सामना दिसला तर गुरुवारी पोहोचा आणि मंगळवारी निघा. दुसरा, असा आठवडा निवडा ज्यात त्याच शहरात किंवा रेल्वेनं दोन-तीन तासांवर दुसराही सामना आहे. लंडन, मँचेस्टर, लिव्हरपूल यासाठी सोयीचे. तिसरा, हॉटेल असं घ्या की शेवटच्या काही दिवसांपर्यंत फुकट रद्द करता येईल.

मैदानाचीही खात्री करा. बार्सिलोनाच्या कॅम्प नऊचं नूतनीकरण निघालं, तेव्हा २०२३ पासून दोन मोसमांहून जास्त काळ तो संघ शहरातल्याच मोंटजुइक टेकडीवरच्या ऑलिंपिक स्टेडियमवर खेळला.

तिकीट: सरळ दारानंच

मोठ्या इंग्लिश क्लबांची तिकिटं खिडकीवर मिळत नाहीत. आधी क्लबचं वार्षिक सभासदत्व घ्यायचं, मग सभासदांसाठी विक्री उघडते त्या दिवशी रांगेत, म्हणजे संगणकासमोर, बसायचं. काही क्लब सोडत काढतात. सभासदत्व म्हणजे तिकीट नव्हे, रांगेत उभं राहण्याचा हक्क. प्रत्येक प्रवाशाला वेगळं सभासदत्व लागेल हेही धरून चाला.

ते जमलं नाही, तर क्लबच्याच संकेतस्थळावर जेवणासह मिळणारी महाग आसनं असतात. पैसे जास्त, पण जागा नक्की. तिसरा मार्ग, म्हणजे समाजमाध्यमांवर भेटलेला 'तिकीटवाला', वर्ज्य समजा. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पैसे बुडतात, दारावरून परत यावं लागतं, आणि परक्या मुलखात पोलिसांशी बोलायची वेळ येते ती वेगळीच.

पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी वेगळा भाग राखलेला असतो. तुमचा संघ पाहुणा असेल आणि तुम्हाला यजमानांच्या भागातलं तिकीट मिळालं असेल, तर आपल्या संघाचा रंग अंगावर नको आणि गोल झाल्यावर उडी तर नकोच. तिथले कर्मचारी सरळ बाहेर काढतात. कोल्हापुरात पाटाकडील तालमीच्या पोरांत बसून शिवाजी तरुण मंडळाचा जयजयकार कोणी करतं का? तेच तिथं.

व्हिसा: उलटी मोजणी

आता आपला डी-दिन पुन्हा कागदाच्या तळाशी लिहा. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी सहा महिने आधीपासून अर्ज चालतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो पोहोचायलाच हवा. त्यासाठी किमान ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेनचा वेगळा. लंडनचा सामना बघून माद्रिदला जायचं, तर दोन्ही हवेत. एकाच्या कामात पासपोर्ट अडकलेला असताना दुसऱ्याचा अर्ज अडतो, म्हणून दोन्हींसाठी मिळून तीन महिने हाताशी ठेवा. दोन्हींचे अर्ज बेंगळुरूच्या केंद्रांत देता येतात. नियम आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशी त्या देशाचं अधिकृत संकेतस्थळच बघा.

पेन्शनर माणसाची बाजू इथं भक्कम असते. पेन्शनचा आदेश, सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं आणि घराची कागदपत्रं यांवरून हा माणूस परत येणार हे दिसतं. मात्र अर्जाच्या आठवड्यात खात्यात एकदम पाच लाख आले, तर ते कुठून आले हे सांगणारा कागद सोबत जोडा.

माझ्या फौजी भावांसाठी एक खास गोष्ट. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा यांच्या अर्जांत सैन्यात नोकरी केली आहे का, असा प्रश्न असतो. उत्तर खरं आणि पूर्ण द्या. हुद्दा आणि तारखा सेवापुस्तकाशी जुळू द्या. निवृत्त सैनिक असणं ही अडचण नाही. लपवलेली माहिती सापडणं ही अडचण आहे. अर्ज भरून देणारे दुकानदार घाईत 'नाही' टाकतात, म्हणून तो रकाना स्वतः वाचा.

पैसा आणि शरीर

पैशाचे तीन ढीग करा. पहिला, आधीच भरायचा: विमान, व्हिसा, विमा, तिकीट. दुसरा, तिथं रोज लागणारा: राहणं, जेवण, रेल्वे. तिसरा राखीव, पहिल्या दोन ढिगांच्या बेरजेच्या पाचव्या हिश्श्याएवढा तरी. फौजेत राखीव तुकडी पहिल्या तासाला लढाईत टाकत नाहीत. इथंही राखीव पैशातून क्लबची जर्सी घ्यायची नाही. आणि घरच्या आजारपणासाठी ठेवलेल्या पैशाला यातला कुठलाच ढीग शिवता कामा नये. त्याला हात लावूनच सामना बघायचा असेल, तर टीव्ही उत्तम.

विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, हृदयाचं जुनं दुखणं स्पष्ट लिहा. न लिहिलेल्या आजाराचा दावा नाकारला जाऊ शकतो, आणि परदेशातलं रुग्णालयाचं बिल आयुष्यभराची बचत खाऊ शकतं. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी हवी. इन्सुलिन सामानाच्या डब्यात देऊ नये, तिथं ते गोठू शकतं. दोहाला सुभेदार साहेबांनी ते थंड पिशवीत मांडीवर ठेवलं होतं; खिडकीची जागा मला आणि पिशवी त्यांना!

इंग्लंडात डिसेंबर-जानेवारीतली संध्याकाळ म्हणजे चार वाजता अंधार आणि हाडात शिरणारी ओली थंडी. साठीपुढच्यांनी सप्टेंबर, एप्रिल किंवा मे निवडावा. मैदानावर जिने चढावे लागतात, तिकीट घेताना खालच्या ओळी बघा. जर्मनीत डॉर्टमुंडच्या दक्षिण बाजूला सुमारे २५ हजार माणसं उभ्यानं सामना बघतात. दृश्य डोळे भरून बघावं, पण आपली जागा समोरच्या बाजूला, खुर्चीत! मोठ्या पिशव्या बऱ्याच मैदानांत आत नेऊ देत नाहीत. सामना सुटल्यावर हजारो लोक एकाच स्थानकाकडे निघतात. गुडघे दुखत असतील तर अर्धा तास बसून राहा, गर्दी ओसरू द्या.

आज काय करायचं

आज रात्री एवढंच करा. घरातले सगळे पासपोर्ट काढा आणि प्रवासानंतरही किमान सहा महिने मुदत उरते का ते बघा. एका कागदावर तळाशी सामन्याची तारीख लिहा आणि उलटं मोजत वर या: पोहोचणं, मोहीम रद्द करायची शेवटची रेघ, व्हिसा, तिकीट, सभासदत्व. मग शेवटी तो आकडा लिहा, 'नाहीच जमलं तर किती जातील.' कागद घरातल्या माणसांसमोर ठेवा. त्या आकड्यावर सगळ्यांची मान हलली, तर तुमचं निम्मं काम झालं.

पुढच्या भागात परदेशात एकट्यानं आजारी पडलो तर पहिल्या तासात काय करायचं, ते पाहू. तोवर रोज चालत राहा. मैदानाचे जिने वाट बघतायत. जय हिंद.