इंधन-अंतःक्षेपणातील तापसंवेदक
बॉशची 'डी-जेट्रॉनिक' ही इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण प्रणाली १९६७ साली फोक्सवॅगन १६०० या मोटारीत आली. थंड एंजिनास पेट्रोल अधिक लागते. किती, हे तापसंवेदकावरून ठरते. प्लॅटिनमच्या तारेचा रोध ०° सें.ला १०० ओहम असल्यास १००° सें.ला सुमारे १३८.५ होतो, वाढ जवळजवळ सरळ रेषेत, पण अल्प. उलट, पाण्याचे तापमान मोजणाऱ्या बॉशच्या नेहमीच्या थर्मिस्टरचा रोध २०° सें.ला सुमारे २,५०० ओहम, तर ८०° सें.ला केवळ ३०० च्या आसपास असतो. आलेख वक्र खरा. तथापि फरक इतका ठळक की, साध्या मंडलासही तो वाचता यावा. मोटारीस हा ठळकपणाच अधिक मोलाचा ठरला. मात्र तार तुटली की रोध अनंत होतो आणि जुने मंडल त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लावते. तापलेल्या एंजिनात मग पेट्रोलचा अतिरेक होतो. आधुनिक नियंत्रक असा असंभाव्य रोध ओळखून ठराविक तापमान गृहीत धरतात.