करंगळीच्या नखावर साडेआठ गाठी

मूर्तिजापूरकरांना कापसाची गाठ काय ते सांगायला नको. इथल्या शकुंतला रेल्वेचा जन्मच वऱ्हाडचा कापूस वाहायला झाला. एक गाठ 170 किलोची. अशा साडेआठ गाठींचा भार करंगळीच्या नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेवर आहे असं समजा. खाली आहे सिरॅमिकचा तुकडा, 47 टक्के पोकळ. तरी तो टिकतो!

हे मोजमाप 2006 सालचं, अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतलं. सिरॅमिक म्हणजे हायड्रॉक्सिअपॅटाइट, आपल्या हाडातल्या खनिजाचाच भाऊबंद. पोकळी 56 टक्के होताच ताकद 145 मेगापास्कलवरून 65 वर आली. नऊ टक्के जागा काय रिकामी झाली, साडेआठ गाठींच्या चारच उरल्या.

मग छिद्रं हवीतच कशाला? कारण हा तुकडा हाडातल्या पोकळीत बसवायचा असतो, आणि रक्तवाहिन्या आणि हाडाच्या पेशी आत शिरल्याशिवाय नवं हाड धरत नाही. त्यासाठी निदान 100 मायक्रॉनची, शक्यतो 300 ची वाट हवी. 300 मायक्रॉनचे कप्पे खेटून बसवले, तर एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे 37 हजार मावतात. पण स्पंजासारख्या रचनेतून 90 टक्के माल काढला की ताकद दहा टक्के उरत नाही. ठोकळ हिशेबाने जेमतेम तीन टक्के उरते.

बर्कलीतल्या संशोधकांनी ही खोट बर्फाने भरून काढली. पाण्यात कालवलेली पूड एका बाजूने गोठवली की बर्फाचे पातळ पापुद्रे वाढत जातात आणि कणांना बाजूला रेटून त्यांच्या भिंती रचतात. मग बर्फ वाफ करून काढायचा आणि उरलेला सांगाडा सुमारे 1300 अंशांवर भाजायचा. एका दिशेने उभ्या भिंती भार पेलतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या गुरुस्वामी कुमारस्वामी यांच्या गटाने 2014 मध्ये त्याच बर्फाकडून वेगळं काम करून घेतलं. कणांना धरणाऱ्या पॉलिमरचे दुवे गोठलेल्या अवस्थेतच जुळवले. वजनात 90 टक्क्यांहून जास्त ठिसूळ कण असलेला ठोकळा एक दशांशापर्यंत दाबला, तरी तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. तो मऊ आहे, मांडीच्या हाडावरचा भार पेलणारा नाही. पण ठिसूळपणावर असा तोडगा निघू शकतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

कारण खरी परीक्षा दाबाची नाहीच. चालताना एका पायावर वर्षाकाठी दहा लाखांच्या घरात हिसके बसतात. भेग पसरू न देण्यात अस्सल हाड या सिरॅमिकच्या दुपटीपासून दहापटीपर्यंत सरस आहे. म्हणून आज सच्छिद्र सिरॅमिक मुख्यतः हाडातली पोकळी भरायला वापरतात, आणि मांडीच्या हाडावरचा भार प्लेट किंवा रॉडवरच सोपवतात.