सांगायचं किती, ते तिनं ठरवायचं

घरातली लक्तरं वेशीवर टांगू नयेत, हे आपल्याकडे मुलीला लग्नाआधीच पढवलेलं असतं. १९९० मध्ये अमेरिकेतल्या केप कॉडवरच्या हायॅनिस गावात काही बायकांनी नेमकं तेच केलं. गावातल्या हिरवळीवर दोरी बांधून त्यांनी ३१ शर्ट टांगले. व्हिएतनाम युद्धात अठ्ठावन्न हजार अमेरिकी सैनिक मेले आणि त्याच काळात सुमारे एक्कावन्न हजार बायका ओळखीच्याच पुरुषांच्या हातून मारल्या गेल्या, असा आकडा त्यांच्या कानी आला होता. सैनिकांचं स्मारक झालं, बायकांचं काय, या प्रश्नातून 'क्लोथ्सलाइन प्रोजेक्ट' उभा राहिला.

शर्ट जिचा, तिनंच रंगवायचा. मारल्या गेलेल्या बाईसाठी तिच्या माणसांनी पांढरा करायचा. मारहाण सोसलेलीचा पिवळा, बलात्कारातून वाचलेलीचा लाल, गुलाबी किंवा नारिंगी, लहानपणी लैंगिक अत्याचार झालेलीचा निळा किंवा हिरवा. त्यावर कुणी पानभर लिहितं, कुणी एकच वाक्य शिवतं. नाव घालायची सक्ती नाही. पुढे ही दोरी देशोदेशी गेली, कॉलेजांच्या आवारांतही बांधली गेली.

यात बरं वाटण्यासारखं काय आहे? कलेनं मन मोकळं होतं, हे उत्तर मला फार घाईचं वाटतं. पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात हीच बाई काय सांगते ते आठवा. तारीख कोणती, वेळ काय, आधी काय झालं, मग काय झालं, तेव्हा ओरडली का नाहीस. प्रश्न दुसऱ्याचे आणि क्रमही दुसऱ्याचाच. जबर धक्क्याची आठवण मात्र अशी ओळीनं येत नाही. कधी दाराच्या कडीचा आवाज येतो, कधी नुसता वास. जबाबात मागचं पुढे झालं की लगेच विसंगती निघते. कापडाच्या तुकड्यावर तिनं नुसती कडी काढली तरी चालते. उरलेलं आज सांगायचं, दहा वर्षांनी सांगायचं की कधीच नाही, हे तिच्या हातात राहतं. अत्याचारात हिरावून घेतली जाते ती हीच सत्ता. ती थोडी परत मिळते, म्हणून बरं वाटतं.

किती आणि कसं सांगायचं ते आपणच ठरवण्याची ही युक्ती आपल्या बायकांना नवी नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. आज त्या 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या ऑनलाइन संग्रहात ऐकायला मिळतात. त्यांत माहेर आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे आणि सासुरवासही आहे. पहाटे खुंटा धरून बसलेली सून सासरच्याच घरात, सगळ्यांच्या कानावर जाईल अशा आवाजात तो गाते. कुणी हटकलंच तर ओवी सगळ्यांचीच, तिनं थोडीच रचली! ओवीनं छळ थांबला नाही, हे खरं. गिरणी आली आणि जातं सुटलं, याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही; मनगटं तरी सुटली.

आडोसा सोडून स्वतःच्या नावानं बोलायची किंमत वेगळी असते. मल्लिका अमर शेख यांनी १९८४ मध्ये 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मचरित्रात आपला संसार मारहाणीसकट लिहिला, आणि नवरा होता नामदेव ढसाळांसारखा मोठा कवी.

लिहिण्याचा परिणाम मोजून पाहिला तो जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट प्रसंगाबद्दल लिहिलं. घटना आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. मात्र लिहून उठल्या उठल्या त्यांना आधीपेक्षा जास्त उदास वाटत होतं. नंतरच्या अभ्यासांतही फायदा दिसला, पण बेताचाच. म्हणून वही हे समुपदेशकाचं काम करील, असं कुणी सांगू लागलं तर ऐकू नये.

काहींना तर शब्दच नकोसे असतात. कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये 'कोलकाता संवेद' ही संस्था सुरू केली. देहविक्रीतून सुटलेल्या मुलींसोबत तिथे नृत्यातून उपचार चालतात. ज्या शरीराचा दुसऱ्यांनी व्यवहार केला, त्यात पुन्हा राहायला शिकायचं म्हणजे आधी पाय जमिनीवर नीट रोवणं, हात लांब करून आपल्याभोवती जागा आखणं, जवळ येणाऱ्याला तळहातानं थांबवणं. यातल्या काही मुली पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं 'संवेद'सोबत नृत्योपचाराचा अभ्यासक्रमही चालवला.

खटकतं ते अशा कार्यशाळांनंतरचं. आयोजकांना कार्यक्रम हवा असतो, देणगीदारांना गोष्ट हवी असते, आणि टाळ्या हमखास रडण्यालाच मिळतात. मग 'आणखी थोडं सांग ना' सुरू होतं. हा दुसरा जबाबच. बलात्कारातून वाचलेल्या प्रौढ बाईची ओळख तिच्या लेखी परवानगीशिवाय उघड करणं आपल्याकडे गुन्हा आहे. कार्यशाळा घेणाऱ्यांनी मात्र कायद्यावर थांबू नये. चित्र भिंतीवर लावायच्या आधी तिला विचारावं, लावल्यावर पुन्हा विचारावं, आणि तिला ते फाडून टाकायचं असेल तर कात्री द्यावी.